गेमचा पासवर्ड फुटल्यावर

सप्टेंबर २०१९ मध्ये झिंगा या अमेरिकन गेमकंपनीने जाहीर केलं, की काही खेळाडूंची माहिती बाहेरच्यांच्या हाती लागली आहे. ‘वर्ड्स विथ फ्रेंड्स’ या तिच्या शब्दांच्या खेळाचे खेळाडू त्यात होते. त्या माहितीचा साठा पुढे ‘हॅव आय बीन पोन्ड’ या, आपला ईमेल कुठे फुटलाय ते सांगणाऱ्या संकेतस्थळाकडे आला, तेव्हा त्यात सुमारे १७ कोटी ३० लाख ईमेल पत्ते निघाले. सोबत युजरनेम आणि पासवर्डचे हॅश. शब्दकोड्यातून चोराला मिळणार काय, असं वाटेल. तर त्या हॅशकडेच बघू या.

हॅश म्हणजे पासवर्ड दळून काढलेलं पीठ. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत, हे खरं. पण चोराला ते करायचंच नसतं. तो अंदाजाने एकेक पासवर्ड घेतो, त्याच जात्यातून काढतो आणि पीठ जुळतंय का पाहतो. झिंगाचं जातं होतं एसएचए-१, सॉल्ट घातलेलं. सॉल्ट म्हणजे दळण्याआधी प्रत्येकाच्या पासवर्डात मिसळलेली वेगवेगळी अक्षरं. त्याने आधीच दळून ठेवलेल्या याद्या निकामी होतात. पण सॉल्ट बहुधा हॅशशेजारीच ठेवलेला असतो, त्यामुळे एकच खातं धरून बसलेल्याला तो अडवत नाही.

एसएचए-१ चा दोष म्हणजे त्याचा वेग. आठ लहान इंग्रजी अक्षरांचे पासवर्ड एकूण २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,९०० कोटी. सेकंदाला १,००० कोटी अंदाज तपासणारं ग्राफिक्स कार्ड (हो, गेमसाठी घेतात तसलंच) ते सगळे २१ सेकंदांत संपवतं. म्हणून पासवर्डसाठी बीक्रिप्टसारखं मुद्दाम संथ केलेलं जातं वापरायचं असतं.

फुटलेला पासवर्ड चोर गेममध्ये वापरत बसत नाही, तो आधी तुमच्या मेलला लावून बघतो. म्हणून बदलायला सुरुवातही मेलपासूनच करा. मेल त्याच्या ताब्यात असेल, तर गेमचा नवा पासवर्ड त्याला ‘फरगॉट पासवर्ड’ने पुन्हा बदलता येतो. मेलचा पासवर्ड बदलला की सगळ्या उपकरणांवरून लॉग-आउट करा आणि सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग व फिल्टर तपासा. तिथे अनोळखी पत्ता राहिला, तर तुमची पत्रं त्याच्याकडे जातच राहतात. मग तोच पासवर्ड जिथे जिथे असेल तिथे नवा, प्रत्येक ठिकाणी वेगळा. हे डोक्यात राहणार नाही. पासवर्ड मॅनेजर वापरा.

दुसरं कुलूप म्हणून ओटीपी एसएमएसवर न घेता ऑथेंटिकेटर ॲपवर, म्हणजे फोनमध्येच कोड तयार करणाऱ्या ॲपवर घ्या. तुमच्या नंबरचं नवं सिम दुसऱ्याने मिळवलं, तर एसएमएसही त्यालाच जातात. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचं स्वतःचं ॲप पाच अक्षरांचा कोड देतं. ते सुरू करताना ‘आर’ने सुरू होणारा रिकव्हरी कोड मिळतो, तो कागदावर लिहा. फोन हरवल्यावर फोनमधला स्क्रीनशॉट काय कामाचा?

स्टीम खात्यात कुणी शिरल्याचा संशय असेल, तर वेब एपीआय की, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमला तुमच्या खात्याशी बोलू देणारी किल्ली, पाहा. तुम्ही बनवली नसेल तर रद्द करा; तिच्यावरून चोर तुमच्या ट्रेड ऑफर (गेममधल्या वस्तूंच्या अदलाबदलीचे प्रस्ताव) वाचतो आणि आयत्या वेळी स्वतःची ऑफर पुढे करतो.

खोटं लॉगिन पानही असतं. त्यातली लॉगिनची ‘खिडकी’ चित्रासारखी पानातच रंगवलेली असते, वर बरोबर पत्ता आणि कुलूपसुद्धा. संगणकावर ती माउसने धरून ब्राउझरच्या कडेबाहेर ओढा. खरी खिडकी बाहेर येते, रंगवलेली कडेलाच अडते.