काकांची नागीण, नातीच्या कांजिण्या

नमस्कार मंडळी. फेब्रुवारी-मार्च आला की शाळेत एकेक बाक रिकामा दिसायला लागतो, परीक्षा तोंडावर आणि पोरगं घरात अंगभर फोड घेऊन बसलेलं. कांजिण्या. आज त्यांच्याबरोबर नागिणीबद्दलही बोलायचंय, कारण दोन्ही एकाच विषाणूचे उद्योग आहेत. परत सांगतो, दोन्हीचा विषाणू एकच. व्हॅरिसेला झोस्टर असं त्याचं नाव, नाही लक्षात राहिलं तरी चालेल.

होतं काय, लहानपणी कांजिण्या येतात, खपल्या पडतात, पोरगं परत खाली खेळायला पळतं. विषाणू मात्र जात नाही. पाठीच्या कण्याजवळ नसांच्या गाठी असतात, तिथे तो वर्षानुवर्षं गप पडून राहतो. प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. मग पन्नाशी-साठी उलटली, किंवा डायबेटिस असला, स्टेरॉइड नाहीतर केमो चालू असली की ही पकड ढिली होते आणि तो एखादी नस धरून कातडीपर्यंत येतो. ती नागीण. म्हणजे नागीण कुणाकडून लागत नाही, ती आपल्याच आतून येते.

आता ऐरोलीचा किस्सा सांगतो, तो सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. सिडकोच्या एका बिल्डिंगमधले काका, ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपनीतून रिटायर झालेले. एका रात्री उजव्या बरगडीखाली आग आग व्हायला लागली. अंगावर काहीच नाही, नुसती आग. काकू म्हणाल्या गॅस झाला, ओवा खा. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या सिलेंडर उचललात म्हणून उसण भरली. मग तिथे लाल पट्टा उठला आणि त्यावर पाण्याचे फोड. शेजारच्या आजी आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, नागीण आहे, तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस गेलाच! आजींना दिवा गावचा एक नागीण उतरवणारापण माहीत होता.

काकूंनी गेरू लावला तो लावलाच, पण शिवणकामाची टेप काढली आणि रोज सकाळी चहाच्या आधी माप घ्यायला लागल्या. तोंड ते शेपूट किती अंतर राहिलं, ते कालनिर्णयच्या रकान्यात लिहायच्या! आणि टेपचं दुसरं टोक धरायला कोण, तर चार वर्षांची नात. आजोबांच्या उघड्या पोटाला टेकून उभी राहायची, फोडांना बोट लावून बघायची, घरात सगळ्यांना मजा वाटायची.

पाचव्या-सहाव्या दिवशी मुलाने जबरदस्तीने नौपाड्यातल्या जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. (असे डॉक्टर आता उरलेत कुठे, हल्ली शिंक आली तरी लोक थेट स्पेशालिस्ट गाठतात, आणि त्याला तुमचे वडील माहीत नसतात की तुमचं घर.) डॉक्टरांनी ते कॅलेंडरवरचे आकडे ऐकले आणि पोट धरून हसले. मग पेन घेऊन काकांच्या पोटावर बरोबर मधोमध उभी रेघ मारली. म्हणाले, कण्यातून निघणारी प्रत्येक नस अर्ध्याच अंगाला जाते, उजवी उजवीकडे, डावी डावीकडे. म्हणून नागीण ही रेघ सहसा ओलांडत नाही, वेटोळं पुरं होणार कसं? आणि एखाद्याला झालंच दोन्ही बाजूंना, तरी त्या वेटोळ्याने कुणी मरत नाही. मग मात्र गंभीर झाले. म्हणाले, विषाणूवरच्या या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर खरा उपयोग, तुम्ही ते तास गेरूत घालवलेत. ऐकताय ना, ७२ तास. आणि डोळ्याजवळ किंवा कपाळावर उठली तर तेवढीसुद्धा वाट बघू नका, नजर जाऊ शकते.

त्यानंतर पंधरवड्याने नातीच्या पाठीवर फोड. कांजिण्या. बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच खटला सुरू, बालवाडीतून आल्या, व्हॅनमधून आल्या, कुणी तर स्विमिंग पूलवर घसरलं. डॉक्टरांनी तेच कालनिर्णय मागवलं. कांजिण्या लागण झाल्यापासून १० ते २१ दिवसांत उठतात, तेवढे दिवस मागे मोजले तर बोट बरोबर टेपच्या मापांवर! फोडांतल्या पाण्यातून विषाणू नातीला गेला होता. काकांना साताऱ्याला लहानपणी आलेल्या कांजिण्या साठ वर्षांनी नातीला मिळाल्या.

आता काकू घाबरल्या, मला नागीण लागेल का? नाही. नागिणीपासून नागीण लागत नाही. ज्याला कधी कांजिण्या आल्या नाहीत आणि ज्याने लसही घेतली नाही, त्याला नागिणीच्या फोडांतून कांजिण्याच होतात. फोड कपड्याने झाकले तर धोका पुष्कळ कमी. कांजिण्यांचं मात्र तसं नाही, त्या हवेतून पसरतात, आणि पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासून शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत. म्हणून शाळांमधलं ते शंभर टक्के हजेरीचं बक्षीस बंद करा असं माझं कधीपासूनचं म्हणणं आहे, त्या सर्टिफिकेटपायी आईबाप तापातलं पोर व्हॅनमध्ये बसवतात.

गरोदर बाईला कांजिण्या आल्या नसतील तर तिला दोन्हींपासून लांब ठेवा. पोराला तापासाठी ॲस्पिरिन देऊ नका. मोठेपणी कांजिण्या जास्त छळतात, न्यूमोनियापर्यंत जातं, आणि आपल्यासारख्या गरम देशात बरेच जण त्यांच्यावाचूनच मोठे होतात. कांजिण्यांची लस आहे, सरकारी मोफत यादीत नाही, मुलांच्या डॉक्टरकडे विकत मिळते. नागिणीची वेगळी, पन्नाशीच्या पुढच्यांसाठी, दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. महाग आहे, खोटं कशाला बोलू.

काकांचे फोड गेले पण आग राहिली, कित्येक महिने बनियनसुद्धा टोचायचं. एकदा होऊन गेली तरी लस घेता येते का, असं त्यांनी विचारलं. येते, पुरळ पूर्ण बरं झाल्यावर. पहिला डोस घेऊन आलेत, दुसऱ्याची तारीख काकूंनी कालनिर्णयवर लिहून ठेवलीये. नमस्कार.