शस्त्रसंधीनंतरचा जानेवारी

(दृश्य: खडकी. सकाळची कवायत.)

माझे आबा सातारा जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावातून खडकीला आले, बॉम्बे सॅपर्समध्ये भरती व्हायला. सॅपर पूल बांधतो, रस्ता काढतो, सुरुंग पेरतो आणि पेरलेले सुरुंग उकरतोही. आबांच्या वाट्याला उकरणं आलं.

खडकीत त्यांना शिकवलं ते असं. पोटावर झोपायचं. हातात टोकदार सळई. ती जमिनीत तिरकीच खुपसायची, कारण सरळ खाली गेली तर सुरुंगाच्या माथ्यावरच दाब पडेल. तिरकी गेली तर कडेला लागते. ठक्क लागलं की थांबायचं आणि बोटांनी माती सारायची. धातू शोधणारं यंत्र असतं, पण ज्या सुरुंगात धातू नावापुरताच आहे तिथे ते गप्प बसतं. मग सगळा भरवसा हातावर.

(दृश्य: नकाशा. शकरगढ, बसंतर नदी.)

३ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानशी युद्ध पेटलं, तेव्हा आबांना मिसरूड फुटून फार दिवस झाले नव्हते. पाकिस्तानातल्या शकरगढच्या भागात आपल्या रणगाड्यांपुढे सुरुंगांचे रुंद पट्टे होते. रणगाड्यासाठी पेरलेला सुरुंग माणसाच्या वजनाने सहसा फुटत नाही. म्हणून त्याच्या आसपास लहान सुरुंग पुरून ठेवतात, तो काढायला येणाऱ्या माणसासाठी. आबांनी हे मला सांगितलं तेव्हा मी शाळेत होते. इतका विचार करून कुणीतरी माझ्या आजोबांसाठी मरण पुरून ठेवलं होतं, हे मला अजूनही पचत नाही.

काम रात्रीचं. धुकं, गारठा, वरून तोफांचे गोळे. मोकळी केलेली वाट कळावी म्हणून दोन्ही कडांना पांढरी फीत लावत जायचं.

“पुढं बघायचंच न्हाई,” आबा सांगतात. “हातभर जमीन. ती झाली की पुढली हातभर.”

याच भागात, बसंतरच्या काठी, १६ डिसेंबरला पूना हॉर्स या रणगाडा पलटणीचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल जरपालजवळ लढता लढता गेले. जन्म पुण्यातला, वय २१. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. आदल्या रात्री सुरुंगांचा पट्टा पुरता साफ झालेला नव्हता, तरी पलीकडे पोचलेल्या पायदळाला आधार हवा म्हणून पूना हॉर्सचे रणगाडे त्यातूनच पुढे गेले होते. आबा तेव्हा दुसऱ्या पट्ट्यात होते. पण त्या रणगाड्यांपुढे सळई घेऊन सरपटणारी माणसं कोण होती, हे ते आवर्जून सांगतात. फार कमी वेळा त्यांचा आवाज असा चढतो.

१६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली. १७ डिसेंबरला रात्री आठ वाजता पश्चिमेकडच्या तोफाही थांबल्या.

आबांचं काम मात्र थांबलं नाही. शेतं दोन्ही बाजूंनी पेरलेल्या सुरुंगांनी भरली होती. आपण पेरलेल्याचे नकाशे आपल्याकडे होते, समोरच्यांचे कुठून असणार? गहू, ऊस, ओढे, बांध, सगळं पुन्हा हातभर हातभर. जानेवारीत, भर दुपारी, एका बांधाजवळ आबांचा उजवा पाय घोट्याच्या वरपासून गेला. समोर शत्रू नव्हता. बंदुकीचा आवाजही नव्हता.

सिमला करार व्हायला अजून सहा महिने होते. विजयाच्या कार्यक्रमांत १६ डिसेंबर येतो, यायलाच हवा. पण त्यानंतर जखमी झालेल्या, मेलेल्या सॅपर्सची तारीख कुठल्याच कॅलेंडरवर नाही. ही फिल्म मी त्यासाठी करते आहे.

(दृश्य: पुणे, कृत्रिम अवयव केंद्राबाहेरचा रस्ता.)

जखम भरल्यावर आबा परत पुण्यातच आले. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, इथे लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. तिथे त्यांना पहिला पाय मिळाला, लाकडाचा, कातडी पट्ट्यांचा, जड. मग खडकीलाच क्वीन मेरीज टेक्निकलमध्ये ते यंत्रकाम शिकले. जायबंदी जवानांना हुन्नर शिकवणारी ही संस्था १९१७ पासूनची. पुढची सगळी नोकरी भोसरीत, लेथवर, उभ्याने.

आजीने हा पाय पाहून लग्नाला होकार दिला. तिच्या माहेरी काय काय झालं ती वेगळीच गोष्ट आहे.

पाय झिजतो, मांडीखालचा भागही बारीक होत जातो. म्हणून पाय पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. मागच्या खेपेला मी कॅमेरा घेऊन आबांबरोबर गेले होते. बाकावर एक तरुण जवान नवा पाय मांडीवर घेऊन बसला होता. आबा न विचारताच त्याच्या शेजारी टेकले.

“खुपतोय?”

“हो, बाबा.”

“मोजा एकच घातलास. अजून एक चढव. आणि उताराला घाई करू नको, चढ सोपा असतो.”

त्या पोराने तिथेच दुसरा मोजा चढवायला घेतला.