शटल का नाही पाठवलं?

अंतराळ मालिकेतलं यान प्रकाशाहून वेगाने धावतं, ही कथानकातली चूक नव्हे. तो खेळाचा नियम आहे आणि पहिल्याच भागात आपण तो मान्य केलेला असतो. कथानकाला भोक पडतं ते मालिका स्वतःचाच नियम विसरते तेव्हा. म्हणून बघायला बसताना वही जवळ ठेवा आणि पात्राच्या तोंडून आकडा निघाला की टिपून घ्या.

‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’ घ्या. १९९५ साली, पहिल्याच सीझनमध्ये सांगितलं जातं, की यानावर ३८ टॉर्पेडो आहेत आणि ते संपले की नव्यांची सोय नाही. घर सत्तर हजार प्रकाशवर्षं लांब, त्यामुळे या आकड्यात खरा धाक होता. पुढची सहा सीझन टॉर्पेडो सुटतच राहतात, अडतीसची मर्यादा केव्हाच ओलांडली जाते आणि हिशेब कुणी देत नाही. दर आठवड्याला वेगळा लेखक, आणि प्रत्येकाला यान धडधाकट हवं. घोडं पेंड खातं ते इथेच.

दुसरी चाचणी म्हणजे पात्रांच्या हाताशी असलेला सोपा उपाय शोधणं. मूळ ‘स्टार ट्रेक’मध्ये ऑक्टोबर १९६६च्या एका भागात माणसांना क्षणात यानावरून ग्रहावर पोचवणारं यंत्र, ट्रान्सपोर्टर, बिघडतो, कप्तान कर्कची दोन रूपं होतात आणि खाली ग्रहावर सुलू व त्याचे साथीदार थंडीने गोठायला लागतात. मग शटल, म्हणजे ये-जा करणारं छोटं यान, का नाही पाठवलं? कारण शटल तोवर मालिकेत आलंच नव्हतं. ते पहिल्यांदा दिसतं नोव्हेंबर १९६६मध्ये. प्रसारणाच्या दिवशी तो भाग निर्दोष होता, भोक मागाहून पडलं. त्यामुळे दोष देण्याआधी तारखा लावून बघाव्यात.

खान आणि चेकॉव्हचं प्रकरण मात्र निम्मं कथेचं, निम्मं नटाचं. १९८२च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात खलनायक खान कर्कच्या यानावरच्या चेकॉव्हचा चेहरा ओळखतो. खानचा मूळ भाग फेब्रुवारी १९६७चा, आणि चेकॉव्ह साकारणारा वॉल्टर कोनिग मालिकेत आला त्याच वर्षी सप्टेंबरात! चेकॉव्ह तेव्हा यानाच्या दुसऱ्या मजल्यावर ड्यूटीवर असेल, असं म्हणून निभावता येतं. याला मी भोक म्हणणार नाही, ठिगळ लागतं एवढंच.

आता चेहऱ्यांकडे वळू, म्हणजे तोच नट दुसऱ्या भूमिकेत आला तर ओळखायचा कसा. रबरी मेकअप कपाळ, नाक, कान झाकतो. आवाज, डोळे आणि ओठांची हालचाल उरते. संशय आला की डोळे मिटून संवाद ऐका. जेफ्री कोम्ब्स ‘स्टार ट्रेक’च्याच ‘डीप स्पेस नाईन’ मालिकेत वेयून आणि मोठ्या कानांच्या फेरेंगी जमातीचा ब्रंट, असा दोन्हीकडे आहे, आणि पुढे ‘एंटरप्राइज’मध्ये निळा श्रान. तिन्ही चेहरे वेगळे, पण शब्द ओढून धार लावायची लकब एकच. मार्क लेनर्डने तर रोम्युलन, व्हल्कन आणि क्लिंगॉन या तिन्ही परग्रही जमातींची पात्रं केली. तासन् तास मेकअपच्या खुर्चीत बसून, रबराच्या आतून अभिनय पोचवणारे नट थोडेच; म्हणून निर्माते त्यांनाच पुन्हा बोलावतात.

मेकअप नसला की पंचाईत. रॉबर्ट डंकन मॅकनील १९९२मध्ये ‘स्टार ट्रेक’च्याच एका मालिकेत अंतराळ अकादमीतून काढलेला वैमानिक लोकार्नो होता. तीन वर्षांनी तोच, तशाच कलंकित भूतकाळाचा वैमानिक टॉम पॅरिस ‘व्हॉयेजर’मध्ये झाला. मालिकेने त्या साम्याकडे सरळ काणाडोळा केला. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेने मात्र निस्तरून दाखवलं; तिचा नायक डॉक्टर अधूनमधून नवा चेहरा घेतो. फ्रीमा अ‍ॅजिमनची २००६मधली मेलेली अडीओला ही पुढच्या वर्षी तिनेच साकारलेल्या मार्थाची चुलत बहीण ठरली. पीटर कपाल्डी २००८मध्ये पॉम्पेईचा रहिवासी होता आणि नंतर स्वतःच डॉक्टर झाला. २०१५मध्ये कथेतच उलगडा केला, की माणसं वाचवायची आठवण राहावी म्हणून डॉक्टरने तो चेहरा निवडला.

आणि पाहुण्या कलाकारांची नावं पडद्यावर येतात तेव्हा चहाला उठू नका. नावाजलेला नट सुरुवातीला दोनच वाक्यं बोलून गेला, तर शेवटच्या दहा मिनिटांत तो बहुधा परत येतोच, आणि बऱ्याचदा हातात शस्त्र घेऊन.