एमआरआयमधले पांढरे डाग

परळ. सकाळची वेळ. एमआरआय सेंटरच्या बाकावर मुलगा खाली वाकून आईच्या चपला सरळ करतो. "आई, ऊठ, नंबर आला." ती उभी राहते, पण पहिलं पाऊल उचलतच नाही, पाय लादीला चिकटल्यासारखे. हल्ली भाजीवाल्याकडे सुट्ट्या पैशांचा हिशेबही अडतो. घरच्यांनी निदान करून टाकलंय: वय झालं.

बीपीची गोळी? "डोकं दुखलं की घेते."

स्कॅनवर मेंदूच्या आतल्या भागात पांढरे डाग, इजेच्या खुणा. इथल्या मज्जातंतूंना रक्त पुरवणाऱ्या धमन्या जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या, काही त्याहून बारीक. बीपी वर्षानुवर्षं चढलेलं राहिलं की त्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात. एखादी बंद पडली की छोटासा स्ट्रोक येतो, कित्येकदा कुणाला कळतही नाही.

झिरपणं त्याहून कपटी. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर इतकं घट्ट विणलेलं असतं, की रक्तातली प्रथिनं सहसा बाहेर पडत नाहीत. वीण सैल झाली की रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन मेंदूत उतरतं. तिथे मायक्रोग्लिया असतात, मेंदूच्या राखणदार पेशी. स्पेनच्या पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांची वेगळी ओळख पटवली. एरवी त्या बारीक फांद्या हलवत आसपासचा भाग चाचपत असतात. फायब्रिनोजेनशी गाठ पडली की फांद्या आखडतात, पेशी फुगते आणि दाह वाढवणारी रसायनं सोडू लागते. त्यांचा मारा तंतूंवरच्या मायलिनवर, म्हणजे त्यांच्या संरक्षक आवरणावर, होतो, आणि रक्तवाहिनीच्या भिंतीवरसुद्धा. मग ती आणखी झिरपते.

सुरुवात भिंतीपासून होते की दाहापासून, यावर संशोधकांचं एकमत नाही. हा दाह थांबवणारं सिद्ध औषधही अजून नाही. स्टिरॉइड देतात ते वेगळ्या, विरळा आजारात. तिथे वाहिन्यांच्या भिंतीत अमायलॉइड नावाचं प्रथिन साठलेलं असतं.

हातात उरतं बीपी. अमेरिकेतल्या 'स्प्रिंट माइंड' अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. वरचा आकडा १२० च्या खाली ठेवायचं ठरवलेल्या गटात, १४० वाल्यांच्या तुलनेत, स्मरण-विचारशक्तीतली सौम्य घसरण कमी आढळली. पांढरे डागही कमी वाढले. डिमेन्शियातला फरक मात्र ठामपणे सांगण्याइतका नव्हता. आणि १२० सगळ्यांनाच मानवतं असं नाही. उठताना चक्कर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा. गोळी मात्र रोजची. डोकं दुखो न दुखो.