माती खानापूरची, आवा दोघांचा

[दृश्य: मलप्रभेचा काठ. ट्रॉलीतून उतरणारी माती.]

कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरवरून पुढे जाते. इथल्या मातीची कौलं झाली, विटा झाल्या, मडकी तर होतातच. खादी ग्रामोद्योगची कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही इथलीच. याच तालुक्यातली एक सिरॅमिक कलाकार शहरातला स्टुडिओ आवरून गावी आली आहे आणि कुंभारआळीतल्या मामांबरोबर भांडी करते आहे.

शहरात तिची भट्टी विजेची, बाराशे अंशांच्या वर जाणारी. मामांचा आवा, म्हणजे कुंभाराची भट्टी, पिंजर (भाताचा पेंढा), शेण्या आणि लाकडाचा. तो ७०० ते ८५० अंशांत आटोपतो. स्टोनवेअरचं, म्हणजे जास्त आचेवर भाजलेल्या टणक भांड्यांचं ग्लेझ (काचेसारखा लेप) तिथं वितळतच नाही. बरं, ही लोह असलेली लाल माती बाराशेपर्यंत न्यावी, तर भांडं फुगतं नाहीतर बसतं. कमी आचेच्या ग्लेझमध्ये पूर्वी सर्रास शिसं असायचं, जेवणाच्या भांड्याला ते नकोच. म्हणून ग्लेझच सोडलं. हा निर्णय आम्हाला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. आव्याला बदलण्यापेक्षा लेप बदलणं सोपं.

[दृश्य: बादलीतला गाळ, रबरी नळी.]

ग्लेझऐवजी द्यायचा मातीचा लेप असा करतात. १ किलो सुक्या मातीची पूड, अडीच लिटर पाणी, मातीचे कण पाण्यात सुटे राहावेत म्हणून ५ ग्रॅम सोडियम सिलिकेट. ढवळून साधारण २० तास ठेवायचं, बादलीला धक्का लावायचा नाही. वरचं पाणी काढून टाकायचं, मधला पातळ थर नळीनं ओढून घ्यायचा आणि तळाचा गाळ तसाच सोडायचा. कडक वाळलेल्या भांड्यावर मऊ ब्रशनं दोन-तीन हात द्यायचे आणि ओलसर चमक गेली की लगेच फडक्यानं घासायचं. हात जाड बसला तर पापुद्रे सुटतात. ही झिलई हजार अंशांच्या पुढे मरते, मामांच्या आव्यात मात्र टिकते. पाणी पूर्ण अडत नाही, तेव्हा फुलदाणी म्हणून विकू नये.

[दृश्य: जवळून, थापी आणि गुंडा.]

आकार मामांचा. चाकावरून उतरतं ते जाड बुडाचं, बसकं भांडं. जरा आवळलं की आतून दगडी गुंडा, बाहेरून लाकडी थापी. गुंडा जिथं, थापी नेमकी तिथंच पडते. एका फेरीत अंगठ्याएवढी जाडी निम्म्यावर येते. नक्षी तिची, पण थापटून झाल्यावरच, नाहीतर रेघा ताणल्या जातात.

काळ्या रानातली माती मिसळायची असेल तर पातळ करून चाळणीतून गाळावीच लागते. चुनखडीचा ज्वारीएवढा खडा राहिला, तरी आव्यात त्याचा कळीचा चुना होतो, नंतर हवेतली ओल पिऊन तो फुगतो आणि गिऱ्हाइकाच्या घरी कपची उडते. नाव जाळाचं होतं, चूक चाळणीची असते.

पावसाळ्यात इथं वाळवणं हीच मोठी डोकेदुखी. भांडं गालाला लावून बघतात. "अजून गार लागतंय, ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले की आवा पुढे ढकलायचा. आत ओल राहिली तर वाफ होऊन भांडं फुटतं आणि शेजारची दोन घेऊन जातं. पेटवल्यावरही सुरुवातीचे तीन-चार तास नुसता धूर. जाळ मागाहून. काळी भांडी हवी असतील तर शेवटी लाकडं टाकून सगळी भोकं चिखलानं बुजवतात. धूर आत कोंडला की लाल माती काळी पडते.

[दृश्य: वही, नगांच्या खुणा.]

हिशेब आवा लावायच्या आधी होतो. कच्च्या, अखंड नगावर मामांची मजुरी ठरलेली, फुटलं तरी ती कापायची नाही. विक्रीतला नफा निम्मा निम्मा, शेण्या-लाकडांचा खर्चही तसाच. बुडाला शिक्के दोन.