काकांनी थाप मारली तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. डिसेंबर लागला की पुण्या-मुंबईची ट्रेकर मंडळी उत्तराखंडातल्या केदारकंठ्याच्या बर्फातल्या ट्रेकची तिकिटं काढतात. सुटा दगड आपण लांबून ओळखतो. बर्फाचा उतार मात्र आपल्याला सगळा सारखाच दिसतो. हिमस्खलन बहुतेकदा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं. पुन्हा सांगतो, ३० ते ४५ अंश. आणि बर्फ बहुधा सुटतो तो सापडणाऱ्याच्या किंवा त्याच्या सोबत्यांच्याच वजनाने. ओरडण्याने नव्हे, ते सिनेमात. तरीही स्पीकरवाल्यांनी खूश होऊ नये. राजगडावर पहाटे पाचला तुमची गाणी कुणालाही नको असतात!

मनालीजवळ सोलंगच्या वरच्या अंगाला होतो. मार्च महिना, दोन दिवस बर्फ पडून लख्ख उघडलेलं. आमच्यातले एक काका, निवृत्त बँकवाले, म्हणाले, "एवढं ऊन पडलंय, आता कसली भीती?" गाइड काही बोलला नाही. त्याने कमरेएवढा खड्डा खणला, कडेला फूटभर लांबरुंद बर्फाचा खांब कापून मोकळा केला आणि त्यावर फावड्याचं पातं आडवं ठेवलं. पात्यावर आधी मनगटातून १० थापा, मग कोपरातून १०, मग खांद्यातून १०, थर किती धरून आहेत ते बघायची अशी ही चाचणी. "आप मारो, अंकल."

मनगटाच्या दहा झाल्या, खांब जागचा हलला नाही. काकांनी आमच्याकडे विजयी नजर टाकली. कोपरातून तिसरी थाप बसली मात्र, वरचा हातभर थर अख्खाच्या अख्खा घसरून काकांच्या मांडीवर! गाइडने खालचे दाणे तळहातावर घेतले. जाड साखरेसारखे सुटे, मूठ आवळली तरी गोळा होईना. बर्फ कमी आणि थंडी कडाक्याची असली की तळाशी असे दाणे धरतात. नवा थर त्यांच्यावर नुसता टेकलेला असतो.

"मी हळूच मारली होती हो," काका म्हणाले. परतताना सगळ्यांत पुढे तेच.

बर्फ पडून गेल्यावरचे एक-दोन दिवस उघडे उतार टाळा. ऊन असलं तरी टाळा. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेची शिकाऊ तुकडी हिमस्खलनात सापडली, २७ मृतदेह निघाले. गाडल्या गेलेल्याला साधारण पहिल्या १५ मिनिटांत काढावं लागतं, म्हणजे सोबत्यांनीच. ट्रान्सीव्हर म्हणजे गाडलेल्याचा माग दाखवणारं रेडिओ यंत्र, प्रोब म्हणजे बर्फात खुपसून शोधायची लांब काठी, आणि फावडं, तिन्ही प्रत्येकाकडे. प्रत्येकाकडे! ट्रेक नेणाऱ्याला हे पैसे भरण्याआधी विचारा. आणि निघण्यापूर्वी डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा बघायला विसरू नका. नमस्कार.