शाळा घरीच, तरी डबा भरायचा

सकाळचे साडेसात. मुलुंडमधलं आमचं वन बीएचके, तिसरा मजला, आणि ओट्यावर हे तीन डबे. मोठा स्टीलचा यांचा, तो आठच्या आत बॅगेत जाणार आणि लोकलच्या गर्दीत चेंगरत फोर्टला पोचणार. बाकीचे दोन मात्र कुठेच जात नाहीत. ओट्यावरून टेबलावर, फार तर सहा पावलं.

बघणारे हसतात, मुलं घरीच शिकतात तर डबा कशाला. मलाही आधी तसंच वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी मुलांना शाळेतून काढलं. थोरली आता अकराची, धाकटा सातचा. नातेवाइकांचा पहिला प्रश्न अजून तोच, दहावीचं काय. एनआयओएस म्हणून ओपन स्कूल आहे, तिथून दहावीला बसायला वयाची 14 वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे थोरलीला तीन वर्षं आहेत. झालं, तो विषय संपला. पण दुपारी काय खाता हे कोणी विचारत नाही, आणि आमची खरी वाट तिथेच लागली होती.

कारण घरात घंटाच नाही ना. धाकट्याला अकराला भूक, थोरली पुस्तकात डोकं घालून दीडपर्यंत ढिम्म हलत नाही, आणि बरोब्बर साडेबाराला माझा ऑफिसचा कॉल, मी अर्धा वेळ घरून काम करते. मग कधी नूडल्स, कधी बिस्किटं, कधी कालची पोळी कुस्करून. एकदा सकाळी सातला केलेली खिचडी ओट्यावर तशीच राहिली, मे महिना, दीडला मी ती गरम करून वाढली आणि रात्रभर धाकट्याची उलटी काढत बसले. नंतर कळलं, भातात काही जिवाणूंचे बीजाणू असतात ते शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की वाढतात आणि त्यातल्या काहींचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. चूक माझीच होती, नूडल्सना उगाच शिव्या घालत होते.

तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अगं, नवऱ्याचा भरतेसच की, पोरांचाही भर त्याच वेळी. तीन कप्पे जास्त, त्यात काय!" एवढंच. मुंबईत 1890 साली महादेव हावजी बच्चे यांनी डबे पोचवायचं काम सुरू केलं तेव्हापासून हे शहर डब्यावरच चाललंय, आणि मला ते ओट्यासमोर उभं राहून सुचलं नाही.

आता हा डबा बघा. पोळी, मटकीची उसळ, गाजराची कोशिंबीर, लिंबाची फोड. कोशिंबिरीत दही नाही, ते फ्रीजमधून ऐन वेळी घालायचं, नाहीतर बारापर्यंत सगळं पाणी सुटतं. मटकी परवा रात्री भिजवली, काल सकाळी फडक्यात बांधली, उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात. पावसाळ्यात मात्र लक्ष ठेवावं लागतं, जरा विसरलात की बुळबुळीत आणि वास, म्हणून मोड आले की लगेच फ्रीजमध्ये, आणि पावसात कच्चे मोड मुलांना द्यायचे नाहीत, उसळ नीट शिजवूनच. लिंबाची फोड शोभेला नाहीये हां, कडधान्यातलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व लागतं. चहाने उलटं होतं, म्हणून जेवल्या जेवल्या चहा मी बंद केला, तासभर थांबते. सासूबाईंना हे अजिबात पटलेलं नाही, त्यांचा कप जेवणाच्या ताटाशेजारीच असतो.

भात डब्यात नाही, हा आता नियम. ज्या दिवशी खिचडी, त्या दिवशी सकाळी फक्त तांदूळ-मूगडाळ मोजून ठेवायची. बारा वाजता थोरली धुऊन कुकरमध्ये घालते, हळद, मीठ, दुधीच्या फोडी, झाकण मी लावते आणि गॅसपाशी मीच उभी राहते. तीन शिट्ट्या, वाफ जिरेपर्यंत दहा मिनिटं, तेवढ्यात कॉल म्यूट करून पापड भाजून होतो.

आणि ज्या दिवशी सकाळी उठवतच नाही त्या दिवशी नाचणीचं घावन. नाचणीचं पीठ, मूठभर तांदळाचं, ताक, जिरं, किसलेलं गाजर, पातळसर कालवायचं आणि तव्यावर ओतायचं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळपास तिप्पट. आता एका घावनात काही शंभर ग्रॅम पीठ नसतं, त्यामुळे ग्लासभर दूध सुटत नाही, धाकटा हा हिशोब करून बघून निराश झालेला आहे. आईकडून आलेली भाजणी असेल तर थालीपीठ. आणि महिन्यातून एकदा सुका जवळा, कांदा, कोकम, तिखट, दहा मिनिटांचं काम, खिडक्या उघड्या टाकून, आणि तरी जिन्यात कोणीतरी नाक धरतंच.

एक गोष्ट मी केली नाही, म्हणजे केली आणि सोडली. सुरुवातीला जेवताना पण शिकवत होते. पोळीचे चार तुकडे म्हणजे एक छेद चार, हे कुठल्या जिल्ह्यात पिकतं, त्यात प्रोटीन किती. धाकटा एक दिवस घास हातात धरून म्हणाला, "आई, खाऊ दे ना गं." तेव्हापासून साडेबारा ते एक वह्या पलंगावर, फोन पण पलंगावर.

हे साडेबारा वाजले. माझा कॉल चालूच आहे, मी आतल्या खोलीत, बाहेर डब्यांची झाकणं उघडल्याचा आवाज येतो. दोन्ही डबे मी एकाच कढईतून भरलेत, दोघांनी भरताना बघितलंय. तरी तो रोज विचारतो.

"ताई, तुझ्यात काय आहे?"

"तेच की."

"दाखव."